डेल्बर्टची काठी आणि व्हर्नाचं सूप

"माउथगार्ड नाही, तर मॅच नाही," असं म्हणून पंचबाईंनी शिट्टी परत खिशात टाकली आणि डेल्बर्टनं कपाळावर हात मारून घेतला.

डेल्बर्ट हा उत्तर अमेरिकेतल्या मोहॉक आदिवासींच्या नदीकाठच्या वस्तीतल्या पोरापोरींच्या लॅक्रॉसचा, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीनं चेंडू झेलायच्या-फेकायच्या खेळाचा, कोच. माणूस सोन्यासारखा, पण एका जागी बसेल तर शपथ! सांगितलेलं काम सोडून बाकी सगळी कामं करणार. त्याची बहीण व्हर्ना मागेच म्हणाली होती, "दादा, मुलींची माउथगार्ड उकळून घे रे बाबा." खेळताना दात वाचवणारं हे माउथगार्ड नवं असताना उकळत्या पाण्यात मऊ करून दातांखाली दाबलं, की मगच ते तोंडात नीट बसतं. डेल्बर्ट "हो हो" म्हणाला आणि गोलपोस्ट रंगवायला पळाला.

आणि आज मुलींची पहिलीवहिली मॅच! शहरातली टीम येऊन अंग मोकळं करत होती. कडेला खुर्ची टाकून एनोसमामा बसले होते. मैदान त्यांच्या ताब्यात. "मुलींनी कशाला काठ्या घ्यायच्या? एक शनिवार देतो. फजिती झाली, तर सगळे शनिवार मुलांचे," असं त्यांनी आधीच ऐकवलं होतं. वर्षभर त्यांच्या मागे लागून व्हर्नानं हा एक शनिवार मिळवला होता. आणि तो आता डेल्बर्टच्या विसरभोळेपणापायी बुडणार होता.

डेल्बर्ट गाडीकडे धावला. सीटखाली व्हर्नानं दिलेली माउथगार्डांची पिशवी सापडली. देव पावला! पण उकळतं पाणी? तंबूमागे व्हर्नाचं मक्याचं सूप रटरटत होतं. मका, राजमा, खारवलेलं डुकराचं मांस. आसपास चिटपाखरू नव्हतं. त्यानं काठीच्या जाळीत सगळी माउथगार्ड कोंबली आणि काठी सरळ पातेल्यात बुडवली. सकाळपासून ती चिखलात फिरलेली आहे, हे ध्यानात यायला जरा उशीर झाला.

"वास बरा येतोय रे," मागून आवाज आला. एनोसमामा वाडगा घेऊन उभे!

"मामा, अजून शिजायचंय!"

"मग काठीनं काय ढवळतोयस? वाढ मुकाट्यानं."

डेल्बर्टनं वाढलं. मामा भुरके मारत खुर्चीकडे गेले. त्यानं काठी वर काढली, तर जाळीत राजमाच जास्त. निम्मी माउथगार्ड पातेल्यात गुडुप! तो पळीनं तळ ढवळायला लागला.

"दादा! काय चाललंय?"

व्हर्ना आली होती. मागे सगळ्या मुली. आणि प्रत्येकीच्या तोंडात गुलाबी, नवंकोरं माउथगार्ड.

"अगं, ही... कधी?"

"तू विसरणार हे मला ठाऊक नव्हतं होय? मागच्या रविवारीच घरी बसवून घेतली. आताच वाटली."

"मग गाडीतली?"

"ती मुलांची, गेल्या वर्षीची. चावून चोथा झालेली. फेकायला दिली होती तुला!" तिची नजर जाळीतल्या राजम्यावर गेली आणि ती मटकन बाकावर बसली. "अरे बैला!"

तेवढ्यात शिट्टी झाली. मुली अशा धावल्या, की शहरातल्या टीमला घाम फुटला. शेवटी एका गोलानं हरल्या. डेल्बर्टला मात्र काही दिसत नव्हतं. तो एकसारखा मामांच्या वाडग्याकडे बघत येरझाऱ्या घालत होता. मामांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.

मॅच संपल्यावर मामा उठले, तोंड पुसलं. "पोरी वाघिणीसारख्या खेळल्या. शनिवार त्यांचा. पण व्हर्ना, सूप दर वेळी अस्संच पाहिजे हं. जन्मात असं खाल्लं नव्हतं."

उरलेलं सूप व्हर्नानं गुपचूप ओतून दिलं. पुढच्या शनिवारी पातेलं घासूनपुसून, जीव ओतून नवं सूप केलं. मामांनी एक चमचा घेतला. दुसरा घेतला. मग वाडगा खाली ठेवला.

"गेल्या खेपेची चव नाही," ते म्हणाले. त्यांनी मैदानाकडे पाहिलं. "शनिवारचं जरा पुन्हा बघायला लागेल."

व्हर्नानं पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं. मग हलकेच म्हणाली, "दादा, तुझी काठी आण जा."

डेल्बर्ट उठला.

"आणि धुऊ नकोस."