चहा सोडला, पाना धरला

पारिसा मगदूम बेळगावला कॅम्पात गेले होते ते शाळेसाठी लोखंडी कपाट बघायला. लष्करातलं जुनं-मोडकं सामान लिलावात निघालं होतं आणि हेडमास्तर म्हणाले होते, "अण्णा, तुम्ही हेडक्लार्क. कपाटातलं तुमच्याएवढं कुणाला कळतंय?" (यात खोटं काही नव्हतं. सव्वीस वर्षं अण्णांनी कपाटं उघडली आणि कपाटं झाकली.) कपाटांच्या ओळीच्या शेवटी एक जुना पिकअप उभा होता. पुढे गोल दिवे, मागे फळ्यांचा हौदा, चारी टायर बसलेले आणि बॉनेटच्या फटीतून गवत वर आलेलं. अण्णा नुसते बघत उभे राहिले. तेवढ्यात शेजारचा भंगारवाला म्हणाला, "काय बघालाय मास्तर? असली गाडी चालू करणारी माणसं मेली सगळी."

"मी हाय की अजून," अण्णा म्हणाले.

हे वाक्य आपल्या तोंडून कसं निघालं ते अण्णांना आजतागायत सांगता आलेलं नाही. नट कुठल्या बाजूला फिरवला की सैल होतो, हे ज्याला ठाऊक नाही अशा माणसानं लिलावात हात वर केला आणि वर केलेला हात खाली घेणं मगदुमांच्या रक्तात नाही. शाळेचं कपाट राहिलं ते राहिलंच.

पिकअप मेहुण्याच्या ट्रॅक्टरला बांधून दिवसभर ओढत निपाणीजवळच्या गावी आणला. मेहुणा म्हणजे श्रेयांस, बायकोचा, कमलाक्कांचा धाकटा भाऊ. निपाणीत त्याचं दुकान आहे आणि बहिणीच्या नवऱ्याची चेष्टा हा त्याचा जोडधंदा आहे. कमलाक्का घराला लागून असलेल्या आपल्या पिठाच्या गिरणीतून बाहेर आल्या. भुवयांवर पीठ होतं. त्यांनी गाडीला एक फेरी मारली.

"कपाट कुठाय?"

"हे त्याच्यापेक्षा मोठं हाय."

"चालतंय?"

"चालंल. माझ्या हातानं दुरुस्त करणार, माझ्या हातानं चालवणार."

कमलाक्कांनी त्या हातांकडं पाहिलं. "गेल्या वर्षी बल्ब बदलताना होल्डर उपटून खाली आणलासा," एवढंच त्या म्हणाल्या आणि परत गिरणीत गेल्या.

पण माणूस जिद्दीचा. अण्णांनी पान्यांचा संच आणला, मोबाइलवर व्हिडिओ बघितले, वहीत आकृत्या काढल्या. शाळा सुटली की अण्णा थेट गाडीखाली. पहिल्या महिन्यात बोटं चेंगरली, दुसऱ्यात कपाळ फुटलं, तिसऱ्यात मात्र ब्रेक लागायला लागले. गंज घासून काढला, हौद्याला नव्या फळ्या मारल्या, निळा रंग दिला. एखादा भाग खोलून परत बसवला की दोन-चार नट उरायचे. ते "कंपनीनं जास्तीचे दिले असणार" म्हणून अण्णा डब्यात टाकायचे. दहा महिन्यांत गाडी अशी देखणी झाली की लग्नाची वरात तिच्यातून काढावी. फक्त ती चालू होत नव्हती. कुणीतरी कधीकाळी तिच्यात डिझेलचं इंजिन बसवलं होतं आणि ते इंजिन किल्ली फिरवली की खोकायचं, पेटायचं नाही.

श्रेयांस दर रविवारी यायचा. "दाजी, रवळू मेस्त्रीला बोलवू काय? पाच मिनिटाचं काम हाय."

"माझ्या गाडीला मेस्त्रीचा हात लागणार न्हाय."

"मग गाडीत कोंबड्या तर ठेवा."

"जैनाच्या घरात कोंबड्या ठेवतोस व्हय रं?" अण्णा गाडीखालून गरजायचे. कपाळ पुन्हा आपटायचं.

अशात चातुर्मास आला आणि गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, एक मुनी महाराज मुक्कामाला आले. सकाळच्या प्रवचनानंतर लोक उठून एकेक नेम घेऊ लागले. कुणी वांगं सोडलं, कुणी जिलबी सोडली. गुणाबाईंनी सुनेला टोचून बोलायचं सोडलं (चार महिन्यांपुरतं). मागून श्रेयांसचा आवाज आला, "आमच्या दाजींनी गाडी सोडावी महाराज, घरादाराला पुण्य लागंल." अख्खा मंडप हसला. बायकांच्या बाजूला कमलाक्काही हसल्या, आणि ते अण्णांनी पाहिलं.

अण्णा उठले. हात जोडले. "नमोस्तु महाराज. ही गाडी माझ्या हातानं चालू करून बस्तीच्या दारात आणंपर्यंत मी चहा सोडला. दुसऱ्या कुणाचा हात लागून चालू झाली, तर नेम पुन्हा पहिल्यापासनं."

हसणं थांबलं. अण्णा दिवसाला सात कप चहा घ्यायचे हे गावाला ठाऊक होतं. महाराज म्हणाले, "विचार करून घे. नेम घ्यायला सोपा असतो."

"घेतला," अण्णा म्हणाले.

पहिल्या दिवशी डोकं दुखलं. तिसऱ्या दिवशी अण्णांनी एका विद्यार्थ्याच्या दाखल्यावर आईच्या जागी तालुक्याचं नाव लिहिलं. दहाव्या दिवसापासून घरात चहा करायला बंदी झाली, कारण वास नाकाशी आला की अण्णांचा तोल जायचा. कमलाक्का दोन वेळचा चहा शेजारी जाऊन पिऊ लागल्या आणि तोंड धुऊन घरी येऊ लागल्या. बाजाराच्या दिवशी बसस्टँडवरच्या टपरीसमोर अण्णा पाव तास उभे राहिले. टपरीवाल्यानं विचारलं, "काय पाहिजे अण्णा?" अण्णा म्हणाले, "काय न्हाय, बघालोय." पण नेम मोडला नाही. नेम सोडा म्हणणाऱ्याला ते एकच सांगायचे, "गाडी तरी चालंल न्हायतर चहा तरी जन्माचा जाईल."

आता एक गोष्ट अण्णांना माहीत नव्हती, कारण पांढरा शर्ट खराब होतो म्हणून त्यांनी गिरणीत कधी पाऊलच टाकलं नव्हतं. गिरणीला विजेची मोटर होती, पण वीज असली तर. नसली की कमलाक्का कोपऱ्यातलं डिझेलचं इंजिन चालू करायच्या. बावीस वर्षं त्या इंजिनाचं दुखलं-खुपलं त्या स्वतः बघत होत्या. डिझेलच्या पाइपात हवा धरली की इंजिन असंच खोकतं, पेटत नाही, हे त्यांना पहिल्या आठवड्यातच आवाजावरून कळलं होतं. सांगायला त्या दोनदा गेल्या. दोन्ही वेळा अण्णा गाडीखालून म्हणाले, "तुला काय कळतंय यातलं?" मग त्यांनीही सांगायचं सोडलं. (हा त्यांचा नेम नव्हता. हा राग होता.)

पण बेचाळिसाव्या दिवशी रागापेक्षा दया मोठी झाली. अण्णा शाळेत गेले तसा कमलाक्कांनी गिरणीतला चौदा नंबरचा पाना घेतला, बॉनेट उचललं, पाइपाचा नट सैल केला, छोटा पंप हातानं मारला, बुडबुडे यायचे थांबले तसा नट आवळला आणि हात धुऊन ज्वारी दळायला बसल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत. सांगायचं कुणालाच नाही, असं त्यांनी ठरवलं. गाडी चालेल, चहा होईल, घर पूर्वीसारखं होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी बॅटरीची एक वायर पुसली, किल्ली फिरवली आणि इंजिन धडाधड पेटलं. आंब्यावरचे कावळे उडाले. अण्णा स्टिअरिंगला धरून बसून राहिले. डोळ्यांत पाणी आलं, ते धुरानं असं ते सांगतात.

"बघितलीस? बॅटरीची वायर," ते ओरडले. "मला पहिल्यापासनं संशय हुता."

"अहो, एक सांगायचं हुतं," कमलाक्का म्हणाल्या.

"मागनं सांग. बस आधी."

पहिल्या गिअरमध्ये, हॉर्न वाजवत, निळा पिकअप बस्तीकडं निघाला. माणसं दाराबाहेर आली. अण्णांनी एक कोपर खिडकीबाहेर काढलं होतं आणि ते आत घ्यायला तयार नव्हते. शेजारी कमलाक्का पदराचं टोक पिळत होत्या. दहा दिवस रोज एकेका धर्माचं दशलक्षण पर्व चालू होतं आणि नेमका त्या दिवशीचा धर्म होता उत्तम सत्य. बस्तीच्या कर्ण्यावर महाराजांचं प्रवचन चालू होतं आणि 'सत्य', 'सत्य' एवढाच शब्द कमलाक्कांच्या कानात शिरत होता.

प्रवचन संपलं, मंडप बाहेर आला. श्रेयांसनं गाडीभोवती फिरून खरोखर हात जोडले. "हरलो दाजी," तो म्हणाला आणि समोरच्या घरातून आलं नव्हे, गवती चहाची पात घातलेल्या चहाचा (पर्वात जमिनीखालचं आलं कोण खातंय?) वाफाळता ग्लास घेऊन आला. अण्णांनी तो दोन्ही हातांत धरला. त्रेचाळीस दिवस. त्यांनी डोळे मिटले आणि ग्लास ओठांपाशी नेला.

"थांबा," कमलाक्का म्हणाल्या. "हवा मी काढली."

"कसली हवा?"

"डिझेलच्या पाइपातली. काल तुम्ही शाळेत गेलतासा तवा. त्यानं चालू झालीया गाडी, वायरीनं न्हवं."

श्रेयांसनं कपाळाला हात लावला. "आक्का, आजच कशाला सांगालीस गं?"

"आज कुठला दिवस हाय?" कमलाक्का म्हणाल्या. "हितं उभा राहून खोटं पिऊ देऊ व्हय त्यांना?"

"दाजी, प्या की ओ," श्रेयांस हळूच म्हणाला. "आम्ही कुणी काय ऐकलं न्हाय."

अण्णांना राग आला, लाज वाटली, आणि सगळ्यात जास्त, चहाचा वास आला. गावासमोर दहा महिन्यांची मेहनत पाच मिनिटांत बायकोच्या नावावर गेली होती. एक घोट घेतला असता तर कुणी अडवलं नसतं. अण्णांनी ग्लास बॉनेटवर ठेवला.

"नेम पुन्हा पहिल्यापासनं," ते म्हणाले. मग बायकोकडं वळले. "कुठला नट?"

"सांगितला तर माझाच हात लागला म्हणशीला."

हे बरोबर होतं आणि म्हणूनच अण्णांना सहन झालं नाही. ते तडक महाराजांकडं गेले. महाराजांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "लहानपणी गुरुजींनी तुझा हात धरून अक्षर गिरवून घेतलं. ते अक्षर कुणाचं?"

"माझंच, महाराज."

"मग शिकून कर. शिकलेला हात आपलाच."

अण्णांचा चेहरा उजळला. "उद्याच रवळू मेस्त्रीकडं जातो."

"हवा कुणाला कळली?" महाराजांनी विचारलं.

अण्णांनी मान खाली घातली. मागे गुणाबाई खुदकन हसल्या. सुनेला टोचायचं त्यांनी सोडलं होतं, हसायचं नव्हे.

घरी आल्यावर अण्णांनी पहिलं काम कुठलं केलं असेल, तर हाताला लागले ते सगळे नट सैल करून पाइपात परत हवा भरली आणि चालती गाडी बंद पाडली. (हे त्यांना पहिल्या फटक्यात जमलं.) "फुकटची चालू गाडी मला नको," ते श्रेयांसला म्हणाले. "पंधरा दिवसात माझ्या हातानं चालू करतो का न्हाय बघ." श्रेयांस बघायला तयारच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, पांढरा शर्ट काढून ठेवून, हाफ पँट आणि बनियनवर सदतीस वर्षांपूर्वी शाळेत उभे राहायचे तसे अण्णा गिरणीच्या दारात उभे राहिले. कमलाक्का पोत्यावर बसल्या होत्या. मांडीवर चौदा नंबरचा पाना होता.

"सांग काय करायचं," अण्णा म्हणाले. "पण लवकर. नेम मोडायचा न्हाय आणि मला चहाही लागतोय."

"शिकवीन की," कमलाक्का म्हणाल्या. "पण महिनाभर शेजारी जाऊन पिलोय मी. आता गिरणीत शिकवायचं तर मला हितंच पाहिजे. आधी चहा करून आणा."

अण्णांनी चहा केला. नाकाला रुमाल बांधून केला. बशीनं झाकून, तोंड दुसरीकडं करून तो गिरणीत आणला आणि गुरूच्या पुढं ठेवला. कमलाक्कांनी सावकाश एक घोट घेतला, तो जिभेवर घोळवला आणि कप खाली ठेवला.

"साखर कमी झाली," त्या म्हणाल्या. "पुन्हा करा. आणि ह्या वेळी आणायच्या आधी जरा चाखून बघत जावा की."