उमत्सीहेनला नाइन

जर्मनीतल्या इस्पितळाच्या मुलाखतीसाठी मंजुश्री आईची इरकल नेसून लॅपटॉपसमोर बसली. मूळची देगलूरची, नांदेडात नर्स. शर्ट-पँट घाल, असं सगळ्यांनी सांगितलं होतं, पण तिनं ऐकलं नव्हतं. जर्मन शिकवणाऱ्या जेबा मॅडम नियमाप्रमाणे दाराबाहेर थांबल्या. आई, सिद्धम्मा, मात्र कॅमेऱ्यात न येता कोपऱ्यात बसून राहिली.

पडद्यावरच्या बेकरबाईंनी कामाविषयी विचारलं, मंजुश्रीनं नीट सांगितलं. मग बाई एक लांबलचक वाक्य बोलल्या. त्यात डोंगर आणि बर्फ तेवढं कळलं. शेवटी आलं ‘उमत्सीहेन’. हा शब्द गेल्याच आठवड्यात धड्यात होता : कपडे बदलणे.

"आई, साडी बदला म्हणून राहिल्या," ती पुटपुटली.

"बदलू नको. नोकरी नर्सची हाय का नाटकातली?"

मंजुश्री ताठ झाली. "नाइन. इश ब्लाइबं झो." म्हणजे, नाही, मी अशीच राहणार.

बाई चपापल्या. त्यांनी गोड आवाजात पुन्हा विचारलं. आता डोंगर गेला, शहर आलं, पण शेवटी तेच उमत्सीहेन. मंजुश्रीचं डोकं सणकलं. तिनं पुन्हा नाइन म्हटलं. थोड्या वेळानं फोन करते, असं सांगून बाई पडद्यावरून गेल्या.

जेबा मॅडम आत आल्या आणि मंजुश्रीकडून सगळं ऐकून खुर्चीत बसल्या. "अगं, कपडे बदलायचे असले तर ‘झिश उमत्सीहेन’ म्हणतात. नुसतं उमत्सीहेन म्हणजे बिऱ्हाड बदलणं. डोंगरातल्या गावी राहायला याल का, असं विचारलं त्यांनी. तू नाही म्हणालीस म्हणून शहर देऊ केलं. तेही तू नाकारलंस."

माफी माग आणि गुमान हो म्हण, असं मॅडम बजावत होत्या, तोवर लॅपटॉपवर फोन आलाच आणि त्या दाराकडे पळाल्या. बेकरबाईंनी शहरातलंच इस्पितळ पुन्हा देऊ केलं, वर वसतिगृहात दोघींत एक खोली. उमत्सीहेन? या खेपेला मंजुश्रीला शब्दन् शब्द कळला. दारातून मॅडम मान हलवून हो म्हण, हो म्हण, असं खुणावत होत्या.

"नाइन," मंजुश्री म्हणाली. मला स्वतंत्र खोली हवी, स्वयंपाकघरासकट, असंही तिनं मोडक्या जर्मनमध्ये सांगून टाकलं. मॅडमनी डोळे मिटले.

बाई बाजूला वळून कुणाशी तरी बोलल्या, मग हसल्या. "गुट," म्हणाल्या. ठीक आहे.

पडदा काळा झाला. मॅडमनी सिद्धम्माला सगळं समजावून सांगितलं. शहर, स्वतंत्र खोली, स्वयंपाकघर, आणि मुलगी खरंच चालली. सिद्धम्मा कोपऱ्यातून उठून लेकीजवळ आली.

"मंजू," ती हळूच म्हणाली, "अजून एकदा न्हाई म्हणून बघती का?"