नापास किती?

रंगनाथमामा कुठंही गेले तरी एकच प्रश्न विचारतात, "नापास किती?"

वडीगोद्रीत नवी शाळा निघाली तेव्हा संस्थाचालक पास मुलांचा आकडा ताठ मानेनं सांगत होते. मामा मागच्या खुर्चीवरून उठून म्हणाले, "ते बराबर हाय. नापास किती?" पुतणीला शिवणक्लासला घालायला गेले, तिथंही तेच. एका लग्नात तर आचाऱ्यानं हाताखालच्या किती जणांना परत पाठवलं, याची चौकशी झाल्याशिवाय ते पंगतीला बसले नाहीत.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत, गल्लीचे मामा. उमेदीची सगळी वर्षं हैदराबाद लाइनवर ट्रक चालवला. गुडघे गेले, ट्रक सुटला. मग त्यांनी एक बिनपगारी काम अंगावर घेतलं. जिल्ह्यात ट्रक शिकवणारी जी जी शाळा असेल ती जाऊन तपासायची. "भाच्याला ट्रक शिकवायचाय," असं सांगून ते आत शिरतात. तो भाचा म्हणजे मी. मला सायकलसुद्धा वळवताना उतरावं लागतं.

मास्तर फी आणि सर्टिफिकेटाचं सांगत असतो, तोवर मामा मैदानातल्या ट्रकपाशी पोचलेले असतात. चष्मा चढवून ते वाकतात आणि डाव्या पायाखालच्या क्लचचं रबर बघतात. शिकणाऱ्यांचे पाय पडले तर रबर गुळगुळीत होतं. "कोरं हाय," मामा मला हळूच सांगतात. "इथं पाय न्हाई ठेवला कुणी."

एका शाळेतल्या ट्रकला बॅटरीच नव्हती. ड्रायव्हरच्या सीटखाली कोंबडी अंड्यांवर बसली होती. मामांनी तिला धक्का न लावता दार लावलं आणि मास्तरकडे वळले.

"ह्या ट्रकनं अंडी दिली. ड्रायव्हर कधी दिला का?"

मास्तर दिलखुलास हसला. लायसन्स निघाल्याशी मतलब, म्हणाला. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आठ दिवसांत ड्रायव्हर'.

"नापास किती?"

"आपल्याकडं कुणीच न्हाई होत, मामा."

"मंग शिकवता काय?"

मामा शांत होते. माझंच डोकं फिरलं. माणसाच्या हातात पंचवीस टन लोखंड द्यायचं, आठ दिवसांत कागद द्यायचा, आणि समोरून दुचाकीवर बायकापोरं घेऊन येणाऱ्यानं आपलं आपण बघायचं! त्या संध्याकाळी मी पत्रक लिहून काढलं. मथळा होता, 'आठ दिवसांत ड्रायव्हर. नवव्या दिवशी कोण मरणार?' खाली मामांनी तपासलेल्या शाळांची यादी, सगळ्यांत वाईट सगळ्यांत वर.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते घेऊन फाट्यावर गेलो. मामा रोज दुपारी तिथल्या हॉटेलात बसतात, रस्त्याकडे पाठ करून, कधी मागं न वळता. मानेचं काहीतरी दुखणं असावं, असं मला वाटायचं. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं.

"यात एक शाळा राह्यली."

"कोणती?"

"माझी. लिही वर, सगळ्यात पयली."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या शाळेत विद्यार्थी एकच होता, त्यांचा मुलगा विष्णू. कुंभार पिंपळगावला बाजार नसायचा त्या दिवशी मोकळ्या मैदानात त्याला शिकवायचे. एकदा दोन पिंपांच्या मधून ट्रक मागं घ्यायचा होता. विष्णूनं तीनदा पिंप पाडलं. तिसऱ्यांदा मामांनी चार माणसांसमोर त्याला खाली उतरवलं आणि तुझ्याच्यानं हे होणार नाही, म्हणून सांगितलं. विष्णू घरी आलाच नाही. त्यानं त्या कोंबडीवाल्या शाळेतून आठ दिवसांत कागद घेतला. आता जालन्यात राहतो, कारखान्यातून सळई भरून सोलापूरकडे जातो. पाच वर्षं झाली, घरात पाऊल नाही.

"नापास केलं ते बराबरच केलं," मामा म्हणाले. "पर नापास केल्यावर पोराला पुन्हा बसवायचं असतं. तेवढं म्या न्हाई केलं."

मी पत्रकाची घडी घालत होतो, तेवढ्यात मामांचा हात कपावर थांबला.

"आला."

त्यांनी मागं वळून पाहिलं नव्हतं. जालन्याच्या बाजूनं सळईनं भरलेला ट्रक येत होता. मामांचे डोळे मिटलेले, डावा पाय टेबलाखाली हळूच दाबलेला. गिअर उतरला, कुठंही खरखर नाही. ट्रक फाट्यावर जपून वळला. केबिनमध्ये विष्णू होता. त्यानं समोरच पाहिलं. ट्रक थांबला नाही.

आवाज पार विरेपर्यंत मामांचा पाय तसाच होता.

"एकदा वळून तरी बघायचं, मामा."

"माझं तोंड दिसलं तं रस्ता बदलील तो."

त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, की किती सफाईनं वळवला, आता तरी त्याला पास करून टाका.

"नापास," मामा म्हणाले.

"का? चुकलं काय त्याचं?"

मामांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

"पास केला तं उद्या इथं येऊन कशाला बसू?"