घरच्या काट्यावर रुपीबाई

"दहा किलो म्हणजे काय जी, पोतं झाडलं तरी तेवढं पडते," असं रुपीबाई राठोडने दारव्ह्याच्या निम्म्या बाजारात सांगून ठेवलं होतं.

यवतमाळच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट बजावलं होतं. वजन एकशे चोवीस, लिव्हरवर चरबी, जठर लहान करायचं ऑपरेशन आत्ता केलं तर धोका. सहा आठवड्यांत दहा किलो उतरवून या, तारीख तुमची. नाही उतरलं तर तारीख दुसऱ्याला. वजन कमी करायच्या ऑपरेशनसाठी आधी वजन कमी करा! रुपीबाईला पहिला राग आला तो याचाच. उपाशी माणसाला 'आधी जेवून ये, मग वाढतो' म्हणण्यातला हा प्रकार.

पण तिला ऑपरेशन हवंच होतं, आणि ते होळीसाठी. नेरजवळच्या तिच्या माहेरच्या तांड्यात एके काळी ती उठल्याशिवाय होळीचा नाच सुरू होत नसे. गेली तीन वर्षं मात्र गुडघ्यांनी तिला खुर्चीवर बसवलं होतं. पोरी नाचत आणि मधेच येऊन पाहुणीसारखी तिच्या हातात ताटली देत. त्या ताटलीचा तिला जेवढा संताप होता तेवढा आजाराचाही नव्हता. यंदा ती खुर्ची होळीतच घालायची, असं तिने ठरवलं होतं.

दुधीचा रस सुरू झाला. भाकर बंद, भात बंद, चहातली साखर बंद. आठवड्याने ती तरातरा नवऱ्याच्या दुकानात गेली. राजकुमारचं शेतमाल खरेदीचं दुकान घराला लागूनच होतं आणि दारातच मोठा काटा. सोयाबीनचं पोतं उतरवून ती त्यावर उभी राहिली. लाल आकडे आले, एकशे अठरा.

"सहा किलो? एका हप्त्यात?" ती म्हणाली.

राजकुमार एकाएकी कापसाच्या गाठोड्यात सरकी शोधू लागला. "सरकारी दवाखान्यात मोज ना. हा मालाचा काटा हाय," तो तिकडे तोंड करूनच म्हणाला.

"काहून? घरच्या काट्यावर भरोसा नाई का तुमचा?"

यावर राजकुमारकडे उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

पुढच्याच रविवारी शेतात रोडग्यांचं जेवण निघालं. सून उज्ज्वलाने सासूपुढे काकडी ठेवली. बाकीचे गोवऱ्यांवर भाजलेले, तुपात बुडवलेले कणकेचे रोडगे वांग्याच्या भाजीशी चापत होते. रुपीबाईने काकडीकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे पाहिलं.

"सहा उतरले न माहे? मंग एका रोडग्यानं का आभाळ कोसळते?"

एकाचे दोन झाले. राजकुमारने तिला अडवायला तोंड उघडलं आणि त्यात स्वतःच रोडगा कोंबून घेतला. सहाव्या आठवड्यात काट्याने एकशे तेरा दाखवले. मागितल्यापेक्षा एक किलो जास्तच उतरलं होतं! रुपीबाईने बाजारात पेढे वाटले, स्वतः न खाता.

ठरल्या दिवशी दोघं यवतमाळला गेली. शगुफ्ता सिस्टरने तिला वजनाला उभं केलं आणि कागदावर लिहिलं, एकशे एकोणीस.

"तुमचा काटा बिघडला," रुपीबाई म्हणाली.

"काकू, कालच तपासला."

"आमच्या घरी क्विंटलानं माल मोजते. मले काटा शिकवतं का तू? थांब." तिने नवऱ्याचा दंड धरला. "चढा. काल घरी शहात्तर भरले तुमी. पाहू इथं किती भरता."

राजकुमारने दवाखान्याचा खांब धरला. धुवायला नळाखाली न्यायच्या बकऱ्यासारखा तो मागे मागे सरू लागला. शेवटी तिने त्याला ढकलून चढवलं. काट्याने ऐंशी सांगितले.

"मी चपला घालून हावो," तो म्हणाला.

रुपीबाईने त्याच्या पायांकडे पाहिलं. चपला बाहेर काढलेल्या होत्या. हळूहळू तिच्या डोक्यात उजेड पडला आणि त्याबरोबर जाळही.

"कधीपासून?"

"सगळेच व्यापारी काटा कमी लावते वं. मालात ओल राह्यते, कचरा राह्यते, वाळल्यावर घट येते..."

"मी सोयाबीन हावो? माह्यातली कोणती ओल काढली तुमी?" आख्खी रांग ऐकत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. "सहा हप्ते मी दुधी पेलो. तुमाले ठाऊक होतं. एका शब्दानं बोलले नाई. त्या काट्याच्या भरवशावर मी रोडगे खाल्ले!"

आतून डॉक्टरांचा निरोप आला. तारीख दुसऱ्याला गेली. पुढची तारीख होळीनंतरची.

रुपीबाई बाकावर बसली. रडू येत होतं आणि रडण्याचाही राग येत होता. मग तिला त्याहून वाईट आठवलं. नेरचा तिचा भाऊ फुलचंद दर साली आपलं सोयाबीन याच काट्यावर घालत होता. दुसऱ्या व्यापाऱ्याकडे निघालेल्या भावाला तिनेच वळवलं होतं. 'बहिणीच्या घरचा काटा हाय' म्हणून.

तिने तिथूनच फोन लावला. हुंदके देत, नवऱ्याच्या सात पिढ्या काढत, सगळं सांगितलं.

"बाई, रडू नोको," फुलचंद म्हणाला. "मले पह्यल्याच साली समजलं होतं."

"मंग बोलला काहून नाई?"

"कायले बोलू? घरातली गोष्ट. तवापासून मी पोत्यायवर पाणी मारूनच आणून राह्यलो न."

शेजारी बसलेल्या राजकुमारला फोनमधलं ऐकू आलं. "पाह्य," तो एकदम ताठ बसत म्हणाला, "मी म्हणलं नव्हतं, मालात ओल राह्यते?"

रुपीबाईने फोन ठेवला. दोघा पुरुषांचं एकमेकांत चोख जमलं होतं. त्या काट्यावर आजवर कोरडी चढलेली ती एकटीच, आणि होळीला खुर्चीवरही तीच बसणार होती.