चौदा सह्यांची दहशत

आमच्या इमारतीतल्या घड्याळजींनी मुलीसाठी छर्ऱ्याच्या बंदुकीचा परवाना मागितला. मुलगी नेमबाजीत तरबेज. क्लबच्या बंदुकीवर जिल्ह्यात पहिली आली होती. महिनाअखेरच्या निवड चाचणीला मात्र घरची, परवान्याची बंदूक हवी होती. ही बंदूक दहा पावलांवरच्या कागदाला भोक पाडते, बस्स. पण आमच्याकडे कागदाला भोक पाडायलाही आधी कागदच लागतात.

अर्जाला नमुना सात जोडायचा होता. 'अर्जदाराकडे बंदूक आल्यास मला भीती वाटणार नाही', आणि खाली बाकीच्या चौदाही बिऱ्हाडांच्या सह्या. घड्याळजी इतके मवाळ, की जिन्यात मांजर आडवं आलं तर तेच बाजूला होतात. दोन संध्याकाळी दारोदार फिरून त्यांनी सगळ्या सह्या मिळवल्या आणि कार्यालय गाठलं.

परवाना अधिकाऱ्यांनी कागद उजेडात धरला.

"एकाचीही हरकत नाही?"

"नाही साहेब. शेजारी फार चांगले आहेत."

"पाण्याची टाकी कधी धुवायची, यावर तुमच्या इमारतीत एकमत झालंय?"

घड्याळजी खोटं बोलत नाहीत. "अजून नाही."

"मग यावर बरं झालं! अहो, लोक तुम्हाला टरकून आहेत."

"आणि एखाद्याने हरकत घेतली असती तर?"

"तर अर्ज नामंजूर. नियम स्पष्ट आहे."

शेरा पडला: 'अर्जदाराची परिसरात दहशत असल्याचे सकृद्दर्शनी दिसते.' उपाय एकच होता. सह्या करणाऱ्यांपैकी कोणीतरी समक्ष येऊन 'नमुना वाचून, स्वखुशीने सही केली' असा जबाब द्यायचा.

घड्याळजी पुन्हा दारोदार फिरले आणि आमची पंचाईत झाली. स्वखुशी खरी होती, वाचणं नव्हतं. तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना ते कचऱ्याच्या गाडीचं पत्रक वाटलं होतं. डॉक्टरांचं दूध उतू चाललं होतं, त्यांनी दारातच सही ठोकली. मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, पण या कागदावरचं एक अक्षर वाचलं नव्हतं. आता वाचलं. मागच्या बाजूला बारीक टायपात होतं: न वाचता सही करणाऱ्यास सहा महिने कैद. खोटा जबाब दिल्यास वर्षभर. भीतीपोटी सही करणाऱ्यास मात्र पूर्ण माफी.

गच्चीवर बैठक झाली. पाच मिनिटांत, एकही खुर्ची न आपटता, ठराव मंजूर झाला: आम्हाला घड्याळजींची भीती वाटते.

आता पोलीस आठवड्यातून दोनदा त्यांच्या दुकानात येऊन बसतात. गिऱ्हाईक फिरकत नाही. चाचणी झाली, मुलगी घरीच राहिली.

परवा ती जिन्यात भेटली. "काका, तुम्हाला खरंच माझ्या बाबांची भीती वाटते?"

मला लाज वाटली, मनापासून वाटली. पण वरच्या पायरीवर डॉक्टर उभे होते.

"थोडी वाटते गं," मी म्हणालो.

तुम्ही हसू नका. तुमच्या दारावर शेवटचा जो कागद सहीला आला होता, त्यात काय लिहिलं होतं, सांगा बघू.