कमांडरच्या दोन शाली

आमच्या तेलगावात सत्काराला तोटा नाही. दहावी पास झालेल्यापासून बदली रद्द करून आणलेल्यापर्यंत कुणाच्याही अंगावर शाल पडते. पण सत्कारालाच अट घालणारा माणूस एकच, आमचे शेजारी कमांडर. "दोन शाली, दोन नारळ. जमत नसंल तर दुसरा धरा!"

हवाई दलात वैमानिक असताना एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी शत्रूचं विमान पाडून पदक मिळवलेलं. त्यामुळे दुसरा धरणं कुणाला परवडत नसे. माघारी मात्र सगळे म्हणायचे, "म्हाताऱ्याला लई हाव हाय." मलाही तसंच वाटायचं. एका मंडळाने एकच शाल आणली, तर यांनी स्टेजवरच सरपंचांच्या खांद्यावरची उतरवली आणि घडी करून पिशवीत टाकली. सरपंच हसत राहिले. करतात काय, फोटो चालू होते.

नजर मंदावली तशी त्यांची स्कूटर माझ्या हातात आली. तरी निघण्याआधी ते तिच्याभोवती फेरी घालणार, चाकांना लाथ मारून बघणार. "मास्तर, बिघाड जमिनीवरच सापडला पायजे बे." मग मागे बसून सारखं वळून पाहायचं. त्यात माझा तोल जायचा. एकदा उसाच्या ट्रॉलीखाली जाता जाता वाचलो, तेव्हा मी चिडलो. "मागं आहे तरी काय एवढं?"

"काहीच न्हाई," ते म्हणाले. "तेच बघतो."

त्या दिवशी सगळं कळलं. लढाईत त्यांच्या मागच्या विमानात युसूफ होता, घाटनांदूरचा, शाळेपासूनचा दोस्त. यांची पाठ राखता राखता तो गेला. त्याचं विमान पेटून पडताना यांनी वळून पाहिलं होतं. देह सापडला नाही, कागदावर 'बेपत्ता' लागलं. युसूफची बहीण बिल्कीसआपा विचारायला आली, तेव्हा यांची जीभ रेटली नाही. "उतरला आसंल कुठंतरी," म्हणाले. तेव्हापासून दुसरी शाल आपाकडे जाते. "युसूफची हाय. आला की द्या."

यंदा पंधरा ऑगस्टची शाल घेऊन आम्ही गेलो, तर आपा खाटेला खिळलेली. शेजारच्या पेटीचं झाकण शालींमुळे लागत नव्हतं. कमांडरनी शाल पुढे केली, तसा तिने त्यांचा हात धरला.

"भय्या, बस झालं आता. युसूफ गेला ते मला तवाच कळलंतं. तुमच्या तोंडावर दिसलंतं."

"मग शाली कावून घेतल्या?"

"घेतल्या नसत्या तर तुमी आला असता का? त्याचं नाव घेनारं दुसरं कोन हाय मला?"

कमांडर लहान मुलासारखे रडले. मला बाहेर जायचंही सुचलं नाही.

दिवाळीआधी आपा गेली. सव्वीस जानेवारीला मंडळवाले न मागताच दोन शाली घेऊन दारात आले. कमांडरनी त्यांना हात जोडले. "एकबी नको. न्यायची कुठं?"

आता स्कूटरवर ते मागे वळून बघत नाहीत. माझा तोल जात नाही. मीच मधूनमधून वळून बघतो, कमांडर आहेत ना म्हणून.