येऊनच राह्यले ते

ज्याच्या नावाने काम चालते तो माणूस कामाच्या जागी हजर असावाच लागतो, असे नाही. किंबहुना तो नसला तर काम अधिक गांभीर्याने चालते. साहेबांच्या खुर्चीवर टॉवेल असतो, पंखा फिरत असतो आणि बाहेर बाकावर माणसे गुमान बसलेली असतात. साहेब आले की लगेच आरडाओरडा सुरू होतो. आर्णीचा विज्ञानपट उद्योग याच तत्त्वावर उभा राहिला आणि हे तत्त्व मोडल्यामुळेच बुडाला. (उद्योग हा शब्द मोठा वाटेल. पण आमच्याकडे सूतगिरणीच्या नुसत्या पाटीलाही उद्योगच म्हणत.)

दूरदर्शनवर एके काळी दर रविवारी 'शून्य के पहरेदार' नावाची मालिका लागायची. त्यात एक कॅप्टन होता. तो यानातून हिंडायचा आणि निरनिराळ्या ग्रहांवरच्या लोकांना शेवटच्या पाच मिनिटांत वाचवायचा. मालिका बंद पडून वर्षे लोटली तरी आर्णीकर कॅप्टनला विसरले नाहीत. संकटात कोणीतरी वाचवायला येते, हे त्यांनी तेवढ्याच ठिकाणी पाहिले होते.

कापसाचा भाव पडला त्या वर्षांत लग्ने कमी झाली आणि लग्नांचे शूटिंग करणाऱ्या खेमसिंगचा कॅमेरा रिकामा राहिला. त्याने या मालिकेची एक उपकथा काढायचे ठरवले आणि मालिकेच्या कंपनीला रीतसर मुंबईला पत्र टाकले. कंपनीचे उत्तर आले: कॅप्टन, त्याचे यान, त्याचा गणवेश आणि त्याचे नाव आमच्या मालकीचे आहे, हात लावाल तर कोर्टात भेटू. मात्र टोपणडोके नावाचे जे परग्रहवासी मालिकेत दोन भागांत आले आणि मेले, ते लेखकाच्या मालकीचे निघाले. लेखकाने पोस्टकार्डावर परवानगी दिली. 'कोणाला आठवतात ते? न्या,' एवढेच लिहिले होते.

अशा रीतीने आर्णीच्या चित्रपटांत कॅप्टन सोडून सगळे होते. टोपणडोके संकटात आहेत. एक थोर माणूस (नाव घ्यायचे नाही) त्यांना वाचवायला निघाला आहे. ते त्याची वाट पाहतात. व्हीसीडी संपते. दुसऱ्या भागात ते आणखी वाट पाहतात. दारव्ह्याच्या व्हीसीडीवाल्याला ही कथा जरा संथ वाटली. लोकांना ती ओळखीची वाटली आणि त्यांनी ती उचलून धरली.

शूटिंग एका बंद जिनिंगच्या आवारात चाले. ग्रह पांढरा हवा होता. वाळू विकत आणावी लागली असती. कापूस तर कोणी घेतच नव्हते. तोच अंथरला. शूटिंग संपले की ग्रह गोळा करून पुन्हा गंजीवर टाकत. डोक्याला जर्मनच्या गंजांची, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातेल्यांची, झाकणे बांधली. पाठीवर प्राणवायूच्या टाक्या हव्या होत्या, त्यासाठी फवारणीचे पंप घेतले, पण तीन-तीनदा धुऊन. (या बाबतीत जिल्ह्यात कोणी थट्टा करत नाही.) गर्दी समोरच्या कापूस खरेदी केंद्राच्या रांगेतून आणली. त्या लोकांना वाट पाहण्याचा अभिनय शिकवावा लागला नाही. खेमसिंग 'कट' म्हणाला तरी ते वाट पाहतच राहत.

यान टोपणडोक्यांचे स्वतःचे होते; त्याचे दिवे अय्यूब मिस्तरीने केले. बसस्टँडमागे त्याचे मोटार वाइंडिंगचे, म्हणजे विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे दुकान होते. दिवे चांगले लुकलुकले. अडचण आली ती यानातून येणाऱ्या आवाजाची. टोपणडोक्यांना धीर द्यायचा, पण कॅप्टन हा शब्द तोंडातून गेला की कायदा मोडला. कॉलेजच्या दोन मुली आणल्या. दोघीही बोलता बोलता 'कॅप्टन' म्हणून बसल्या. मग एक मास्तर आणला. पण जन्मभर हजेरी घेतल्यामुळे त्याला नाव घेतल्याशिवाय कोणाबद्दल बोलताच येईना.

इतक्यात अय्यूबची बायको आयशाबी डबा घेऊन आली. झाकणे घातलेली माणसे उन्हात उभी पाहून ती म्हणाली, "बसा नं भाऊ. उभे कायले? येऊनच राह्यले ते. पाणी पाह्यजे का?"

सगळे टोपणडोके बसले. टेप चालूच होता.

"झालं," खेमसिंग म्हणाला.

आयशाबीने निकाह झाल्यापासून नवऱ्याचे नाव उच्चारले नव्हते. दुकानात मोटार न्यायला आलेले गिऱ्हाईक तापले की ती हेच म्हणायची: येतच आहेत ते, बसा. अय्यूब तेव्हा चहाला गेलेला असे आणि मोटार उघडी पडलेली असे. गिऱ्हाईक बसायचे, पाणी प्यायचे, कधी कधी मोटार तशीच ठेवून समाधानाने घरी जायचे. कंपनीच्या वकिलांच्या सगळ्या अटी तिने अशा प्रकारे आधीच पाळून ठेवल्या होत्या.

"कॅप्टन का बोलना था, तू किसका बोली?" अय्यूबने घरी विचारले.

"मेरे को क्या मालूम तुमारा कॅप्टन," आयशाबी म्हणाली. "मैं तो तुमाराच बोली. हमेशा जैसा."

दुसरा भाग आला त्या पावसाळ्यात आयशाबीला ताप भरला. तिला दवाखान्यात नेले. मोठे डॉक्टर येणार होते. अय्यूब बाकावर बसला होता. संध्याकाळी त्याला बाकावरून उठायला सांगितले, ते डॉक्टर आले म्हणून नव्हे.

तिसऱ्या भागात तिचाच आवाज वापरला. मेलेल्या माणसाने बोलत राहण्याला विज्ञानकथेत मनाई नाही. मात्र त्या शूटिंगमध्ये यानाचे दिवे फार बिघडू लागले. दिवा गेला की दृश्य पुन्हा घ्यायचे आणि टेप पुन्हा लावायची. (दिवे दुरुस्त करणारा माणूस एकच होता, आणि बिघडवणाराही तोच, असे खेमसिंगला कळले होते. तो टेप मागे फिरवून तयार ठेवायचा.)

मग एक दिवस खेमसिंग धावत दुकानात आला.

"अय्यूबभाई, कॅप्टन येऊन राह्यला! खराखुरा! मुंबईहून!"

"काहून?"

"काहून म्हंजे? म्हातारा झाला, काम नाही त्याले. कंपनीही बुडाली. आता कोण कोर्टात जाते?"

अय्यूबने हातातली तार खाली ठेवली. "मंग तो आवाज?"

"तो आल्यावर 'येऊन राह्यले' कोणाले सांगाचं? काढा लागते."

"त्याले आखरीले आण नं, खेमसिंगभाऊ. अगदी आखरीले. तवरिक राहू दे आवाज."

"तीन भाग आखरीच चालू हाय, भाई. लोक मारतीन मले."

"आजवर आलं का कोणी आपल्याकडं? तूच सांग."

"म्हणून तं दाखवाचं!" खेमसिंग म्हणाला.

कॅप्टन आला. त्याचे गुडघे दुखत होते आणि कापसात पाय रुतत होते, पण त्याने टोपणडोक्यांना शेवटच्या पाच मिनिटांत वाचवले. चौथा भाग दारव्ह्याच्या बाजारात लावला. कॅप्टन पडद्यावर येताच उकंडा ताडकन उभा राहिला. उकंडा चारही भागांत पुढच्या रांगेतला टोपणडोका होता.

"हे खोटं हाय!" तो ओरडला. "मी सोता होतो तिथं. कोणी आलं नाही!"

(त्याच वेळी कॅप्टन त्याला मिठी मारत असल्याचे पडद्यावर स्वच्छ दिसत होते.)

लोकांनी उकंडाच्या शब्दावर विश्वास ठेवला. व्हीसीडी परत आल्या. आता जुनेच भाग पुन्हा चालवावेत, तर तेही कोणी घेईना. एकदा येऊन गेलेल्या माणसाची वाट पाहता येत नाही. उद्योग बंद पडला. झाकणे आपापल्या गंजांवर गेली, ग्रह गंजीवर गेला. खेमसिंगने आवाजाची ती कॅसेट आणून अय्यूबच्या हातात ठेवली. "घे भाई. भाभी." एवढेच म्हणाला.

त्या हंगामात एका खरेदी केंद्रावर कापूस बघणारा साहेब आलाच नाही. रांग उठली, फाटक हलवू लागली. लोकांना शांत करायला भोंगा लावावा, तर तो बंद. अय्यूबला बोलावले. भोंगा जोडून झाल्यावर तो वाजतो का, हे पाहायला त्याच्या खिशात एकच कॅसेट होती.

"बसा नं भाऊ. उभे कायले? येऊनच राह्यले ते. पाणी पाह्यजे का?"

सगळी रांग खाली बसली. दोघे-तिघे पाणी शोधायला गेले.

शासनाच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नाही. कॅसेटच्या प्रती निघाल्या. बाजार समिती, तहसील, दवाखाना, मिळेल तिथे भोंगे लागले. पाहणीत असे आढळले की गोंधळाचे प्रकार निम्म्यावर आले आणि कामे होण्याचे प्रमाण होते तेवढेच राहिले. म्हणजे बदल करण्याचे काही कारण उरले नाही.

अय्यूब आता रोज दुकान बंद करून एखाद्या कचेरीच्या बाकावर जाऊन बसतो. साहेब आले की शिपाई टेप बंद करतो. त्यामुळे साहेब येऊ नयेत म्हणून मनापासून दुआ करणारा जिल्ह्यात तो एकटाच आहे, आणि एवढ्या अर्जांच्या गर्दीत मंजूर होणारा अर्ज तेवढा त्याचाच दिसतो.

एकदा उकंडा त्याला तहसीलमध्ये भेटला. "अय्यूबभाऊ, तुहं काय काम अडलं?"

"काही नाही."

"मंग कोणाची वाट पाहून राह्यला?"

"मी कायले पाहू? ती पाहून राह्यली," अय्यूब भोंग्याकडे बघत म्हणाला. "सांगते नं सगळ्याइले, येऊनच राह्यले ते म्हणून. जाईन तिच्याकडं. बसू दे जरासक."

तेव्हा कचेरीत तुमचे काम अडले असेल तर सरकारला दोष देऊ नका. शेजारी कोणी मिस्तरी हसत बसला आहे का ते पाहा. त्याला उठवण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. ते तुम्हाला जमायचे नाही. आवाज आला तेव्हा तुम्हीही बसलातच की.

पाणी घरून न्या.